बाकड्याचं तोंड

सिमेंटच्या बाकड्यावर कुणी राग धरून बसतं का, असं माझी बायको मला विचारते. मी बसतो. आणि तो राग जाऊ नये म्हणून अधूनमधून वर जाऊन ती बाकडी बघून येतो.

कोल्हापुरात आमच्या वसाहतीच्या मागं एक टेकडी आहे. टेकडी म्हणजे काय, म्हातारं माणूसही मध्ये एकदा दम खाऊन चढेल एवढीच. वर बाग आहे, लहानशी. पण कठड्याला उभं राहिलं की सगळं शहर पायाशी. देवळांची शिखरं, राजवाड्याचा मनोरा, बंद पडलेल्या गिरणीचं धुराडं, लांब रंकाळ्याची चकाकणारी कड आणि त्याच्याही मागं पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर. सूर्य तिकडंच बुडतो. एवढं सगळं फुकट मांडून ठेवलंय, आणि त्या बागेतली झाडून सगळी बाकडी त्याच्याकडं पाठ करून बसवलेली आहेत. बसणाऱ्याच्या समोर येते ती काळ्या दगडाची कोनशिला, तिच्यावर सोनेरी अक्षरांत नावंच नावं, आणि तिच्या शेजारी सिमेंटचा पेंग्विन. त्याचा जबडा उघडा, त्यात कचरा टाकायचा. म्हणजे कोल्हापूरच्या माणसानं धापा टाकत टेकडी चढायची आणि वर बसून पेंग्विनच्या घशात बघायचं. आता ह्यावर राग येऊ नये तर काय व्हावं?

हा राग मूळचा माझा नाही. तो मला माझ्या घरमालकिणीकडून मिळाला. सगळी वसाहत त्यांना सिस्टर म्हणायची. त्यांची उभी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली, शेवटी शेवटी त्या पुरुषांच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर दवाखाना सुटला, वॉर्ड काही सुटला नाही.

मी आजऱ्याचा. नव्वदच्या आसपास उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत स्टोअरकीपरची नोकरी लागली आणि खोली शोधत मी त्यांच्या दारात उभा राहिलो. दार उघडून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"पावणं, जीभ काढा," त्या म्हणाल्या.

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"काढा की. खोली बघायला आलाय न्हवं? मग मला बी तुमाला बघू दे."

मी जीभ काढली. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं दाबून बघितली. मग आत वळून नवऱ्याला मोठ्यानं म्हणाल्या, "पेंटर, पोट साफ न्हाई ह्याचं, पण माणूस बरा दिसतोय. देतो मी खोली." आमच्याकडच्या बऱ्याच बायका बोलतात तशा त्या स्वतःबद्दल 'मी देतो, मी जातो' असंच बोलायच्या. मग मला म्हणाल्या, "एकच अट हाय. सांच्याला माझ्यासंगं राऊंडला यायचं."

कसला राऊंड, ते संध्याकाळी कळलं. सिस्टरांनी लुगड्याखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट चढवले, छातीवर ते नर्सांचं उलटं घड्याळ पिनेनं लावलं, आणि आम्ही टेकडी चढलो. वर गेल्यावर त्या लगेच बसल्या नाहीत. हात मागं बांधून कठड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेल्या आणि खालच्या शहराकडं बघत एकेकाची तब्येत सांगू लागल्या.

"रंकाळा हिरवा पडलाय. पोटात घाण साठलीय त्याच्या. गुऱ्हाळं पेटली बग तिकडं, धूर सरळ चाललाय, म्हंजी श्वास चांगला हाय. स्टँडाकडं लई धूळ, रात्री खोकणार. आणि ह्यो," गिरणीच्या धुराड्याकडं बोट करून म्हणाल्या, "ह्येची नाडीच लागत न्हाई. पण डिस्चार्ज द्यायचा कुणी?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. वॉर्डात हसायचं नसतं, हे मला मग हळूहळू समजत गेलं.

बागेत त्यांचे कायदे होते. शेंगा खायच्या तर टरफलं स्वतःच्या खिशात. भडंग आणला तर कागद परत घरी. आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे इथं येऊन शहराकडं पाठ करून कुणी बोलत बसायचं नाही. अशी मंडळी दिसली की त्या खांद्याला धरून त्यांना वळवायच्या. एकदा एक पोरगा आणि पोरगी झाडाखाली गुलूगुलू बोलत बसली होती. सिस्टर सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. आता ह्या ओरडणार म्हणून ती दोघं घाबरून उठली. सिस्टर पोरीला म्हणाल्या, "रक्तगट विचारलास का ह्याचा? न्हाई? मग काय बोलत बसलाय मघापासनं? आणि तोंडं तिकडं करा, ऊन पन्हाळ्यावर आलंय."

त्यांच्याबरोबर रोज त्यांचा नवराही यायचा. तो रंगारी होता. सिस्टर त्याला पेंटर म्हणायच्या, तो त्यांना सिस्टर म्हणायचा, आणि दोघांच्या खऱ्या नावांची कुणाला गरज पडत नव्हती. पेंटर उंच इमारतींची कामं घ्यायचे. दोरांना बांधलेल्या फळीवर बसून वरून खाली भिंत रंगवत यायचं, हे काम त्या काळात मोजकीच माणसं करायची. सिस्टरांचा राऊंड चालू असताना पेंटर बाकड्यावर रेलून बसायचे. तेव्हा वर जुनं दगडी बाकडं होतं, पाठ टेकायला चांगली शिळा असलेलं, आणि त्याचं तोंड शहराकडं होतं. कुणा अडाण्यानं बसवलं होतं, पण त्याला एवढं कळलं होतं.

"ती पिवळी दिसती?" पेंटर मला स्टँडाकडची एक उंच इमारत दाखवायचे. "ती माझी. आत राहणाऱ्यांस्नी वाटतं त्यांची हाय. ती निळी टाकी माझी. आणि कळंब्याच्या तुरुंगाला बी मीच चुना मारलाय. भायरनं, आतनं न्हवं."

हा शेवटचा विनोद ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे आणि प्रत्येक वेळी सगळ्यात आधी स्वतःच हसायचे. पिवळी मात्र विनोदाची नव्हती. मावळतीचं ऊन तिरकं तिच्यावर पडायचं तेव्हा ते बोलायचे थांबायचे. तो रंग त्यांनी स्वतः कालवला होता, डब्यातला नव्हता. तसाच थोडा कालवून त्यांनी घरात झाकून ठेवला होता, कधी पोपडा निघाला तर म्हणून.

असं पुष्कळ वर्षं चाललं. माझं लग्न झालं, तरी आम्ही त्याच खोलीत राहिलो. मग एका सकाळी पेंटर एका शाळेची भिंत घासून शिडीवरून खाली उतरले, पायरीवर टेकले आणि उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. वाचाही गेली.

गेली म्हणजे एक शब्द सोडून गेली. पेंटरांच्या तोंडात फक्त 'च्यायला' एवढंच शिल्लक राहिलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, ठरवून बोललेले शब्द जातात आणि सवयीचे राहतात. भूक लागली की च्यायला. ऊन लागलं की च्यायला. सिस्टरांच्या घरी बुद्धाच्या मूर्तीपुढं वंदना चालायची, तिथंही शेवटी पेंटर भक्तिभावानं च्यायला म्हणायचे. आलेली माणसं ओशाळून खाली बघायची. सिस्टर म्हणाल्या, "एक शब्द हाय न्हवं? पुष्कळ झाला. बोलायला येतंय त्यास्नी, तुमास्नी ऐकायला येत न्हाई." आणि खरंच, कुठल्या च्यायलाचा अर्थ काय, हे त्या बरोबर सांगायच्या. आवाज जरा चढला, जरा ओढला गेला, की त्यावरून त्यांना समजायचं.

पेंटर अंथरुणाला होते तेव्हा टेकडीवरची बाग बंद होती. पत्रे ठोकले होते आणि बाहेर फलक होता, सुशोभीकरणाचं काम चालू आहे. हा शब्द दिसला की आता माझं पित्त खवळतं, पण तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. सिस्टर रोज त्यांचा मेलेला हात चोळायच्या आणि सांगायच्या, "बाग नवी करायल्यात, पेंटर. जरा उभं राहायला शिका, वर नेतो मी तुमाला. पिवळी बघायची न्हाई व्हय?" त्या एका पिवळीवर त्यांनी पेंटरांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून काठीवर आणलं. व्यायामाला माणूस कंटाळला की पिवळीचं नाव काढायच्या.

उद्घाटनाला मी आणि सिस्टर गेलो होतो. बागेच्या मधोमध व्यासपीठ होतं आणि कठड्यालगत रांगेनं नवी कोरी सिमेंटची बाकडी त्याच्याकडं तोंड करून. बऱ्याच पाहुण्यांना बोलावलं होतं, आणि मांडववाला खुर्च्या वर चढवायला तयार नव्हता. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की बाकडी बसवायचीच आहेत तर आत्ताच व्यासपीठाकडं तोंड करून बसवू, खुर्च्या वाचतील. त्या डोक्याचं भाषणात नाव घेऊन कौतुक झालं. नारळ फुटला, हार घातले, पाहुणे चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी व्यासपीठ काढलं. बाकडी कशी काढणार? ती काँक्रीटमध्ये रोवली होती. एका संध्याकाळच्या भाषणासाठी सगळ्या बागेचं तोंड कायमचं फिरवून ठेवलं, आणि ते करताना एकाच्याही मनात आलं नाही की माणसं टेकडीवर कशाला येतात.

जुन्या दगडी बाकड्याची शिळा काढून नेली होती. राहिला होता फक्त त्याचा चौथरा, गुडघ्याएवढा, कठड्यापाशी.

थंडीच्या सुरुवातीला आम्ही पेंटरांना वर नेलं. फाटकापर्यंत रिक्षा, तिथून एका बाजूनं सिस्टर, दुसऱ्या बाजूनं मी. पेंटरांनी नवा सदरा घातला होता. एकेक पाऊल टाकत, घामानं भिजत ते आत आले आणि बाकड्यावर बसले. बसल्यावर त्यांनी मान वर केली. समोर कोनशिला. पेंग्विन. त्यांनी मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही. अंग वळवायला गेले तर तोल गेला, मी धरलं. परत समोर पेंग्विन.

"च्यायला," पेंटर म्हणाले.

पलीकडं कॉलेजची पोरं उभी होती, ती फिदीफिदी हसली. सिस्टरांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्या पेंटरांच्या तोंडाकडं बघत होत्या. इतके महिने ज्या आशेवर त्यांनी माणूस उभा केला होता, ती त्याच्या पाठीमागं हाताच्या अंतरावर होती. आणि बाकड्याची पाठ मध्ये होती.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरांची लढाई सुरू झाली. मागणी काय, तर एक बाकडं फिरवा. सगळी राहू देत, एक फिरवा. माझ्या नवऱ्याला पाठ टेकल्याशिवाय बसता येत नाही, आणि त्याला शहर बघायचंय. ह्यात न समजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी त्यांच्याबरोबर फिरलोय, म्हणून ऐकलेलं सांगतो. कचेरीतला साहेब म्हणाला, एक फिरवलं तर सगळ्याची शोभा जाते. कंत्राटदार म्हणाला, "काम मजबूत केलंय, मावशी. फुटंल, पण फिरणार न्हाई." हे तो अभिमानानं सांगत होता. आणि आमचा नगरसेवक, ज्याचं नाव कोनशिलेवर सगळ्यांत ठसठशीत, तो हसून म्हणाला, "एवढं काय त्यात? वळून बसा की."

सिस्टर म्हणाल्या, "पलंगावरच्या पेशंटला सांगतोस व्हय, वळून बस म्हणून?"

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "ह्याचं अपेंडिक्स माझ्या वॉर्डात काढलंय. सुईला बघून आईचं लुगडं धरून रडत होतं. तवा मी म्हटलो का, वळून बस म्हणून? मी फिरून गेलो त्याच्या बाजूला."

मग त्यांनी घरची खुर्ची वर न्यायचं ठरवलं. मी प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन टेकडी चढलो. फाटकावर वॉचमननं अडवलं. कोडोलीचा म्हातारा होता, सिस्टरांना मानणारा. त्यानं मान खाली घालून फलकाकडं बोट केलं. बाहेरील खुर्च्या, चटया आत आणू नयेत. "माझी नोकरी जाईल, सिस्टर," तो म्हणाला. सिस्टर त्याच्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. खुर्ची मी परत खाली आणली, आणि रस्ताभर मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी फौंड्रीतून उशिरा सुटलो आणि थेट टेकडीवर गेलो. वर जाऊन बघतो तर जुन्या बाकड्याच्या चौथऱ्यावर पेंटर शहराकडं तोंड करून ताठ बसलेत. आधाराशिवाय हा माणूस कसा बसला म्हणून जवळ गेलो, तर त्यांच्या पाठीला पाठ लावून सिस्टर बसल्या होत्या. पाय जमिनीत रोवून, हात गुडघ्यांवर दाबून, आणि तोंड पेंग्विनकडं.

"आता कसं," त्या मला म्हणाल्या. "ह्या बाकड्याला कुणाची परवानगी लागत न्हाई."

तेव्हापासून तेच बाकडं. रोज. ज्या बाईनं वर्षानुवर्षं शहराकडं पाठ करून बसणाऱ्यांना खांदे धरून वळवलं, तिच्या वाट्याला कोनशिला आली. राऊंड बंद झाला. म्हणजे बंद नाही झाला, पेंटर करायला लागले. ते समोर बघून च्यायला म्हणायचे आणि सिस्टर मागं न बघता सांगायच्या, "गुऱ्हाळं पेटली वाटतं." मी बघायचो, तर खरंच धूर निघालेला असायचा. पिवळीवर ऊन आलं की तो शब्द इतका मऊ व्हायचा की शेजारच्या माणसालाही ऐकू जाऊ नये. सिस्टरांना तो कानानं ऐकायची गरजच नव्हती, पाठीतून कळायचा.

रविवारी मी म्हणायचो, सिस्टर, उठा, मी बसतो पाठीला. पहिल्यांदा त्या नाही म्हणाल्या. "तुझी पाठ हलती," म्हणाल्या. मग शिकवलं, श्वास कसा घ्यायचा, भार कसा झेलायचा. मी बसलो की त्या कठड्याला जाऊन एक फेरी मारायच्या, घाईघाईनं सगळ्यांची नाडी बघायच्या आणि परत यायच्या. पेंटर हसले की त्यांची पाठ माझ्या पाठीवर थरथरायची. मी पेंग्विनकडं बघत बसायचो आणि माझा राग माझ्याच पाठीत मुरत जायचा. एक माणूस बसवायला दुसऱ्या माणसाची पाठ लागते, आणि हे कशासाठी, तर शोभेसाठी.

पुराच्या साली सगळं कोल्हापूर टेकडीवर लोटलं होतं. पंचगंगा गावात शिरली होती आणि पाणी बघायला जत्रा जमली होती. कठड्याला मुंगी शिरायला जागा नाही, आणि बाकडी सगळी मोकळी. एक माणूस बाकड्यावर नव्हता. नगरसेवक लवाजमा घेऊन आला होता, तोही टाचा उंचावून कठड्याला उभा. सिस्टर गर्दीतून त्याच्याजवळ गेल्या.

"साहेब, बसा की बाकड्यावर. पाय दुखतील."

"न्हाई, न्हाई, असू दे, मावशी. तिथनं दिसत न्हाई," तो म्हणाला.

"व्हय?" सिस्टर म्हणाल्या.

आजूबाजूची माणसं खुदकन हसली. नगरसेवकाचा चेहरा पडला. पाणी उतरलं की बघू, असं काहीतरी तो पुटपुटला. पाणी उतरलं. सगळं शहर धुऊन निघालं, रस्ते झाले, पूल सारखे केले, पण बाकडं फिरलं नाही.

पेंटर त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. घरातच, झोपेत. आदल्या संध्याकाळी टेकडीवर जाऊन आले होते. पुण्यानुमोदनाच्या विधीला वसाहत जमली होती. वंदना झाली आणि शेवटी सगळे गप्प बसले, कारण त्या जागी एक शब्द यायचा तो आला नाही. नगरसेवकही आला होता. त्यानं सिस्टरांचे हात हातात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मालकांच्या नावाचं एक बाकडं करू टेकडीवर. त्यांची आवडती जागा."

सिस्टरांनी विचारलं, "तोंड कुठं?"

"कुणाचं?"

"बाकड्याचं. कुठल्या बाजूला करणार?"

"बाकीची हायती तशीच की, एका लायनीत," तो म्हणाला.

"मग नगं," सिस्टर म्हणाल्या. स्वच्छ शब्दांत म्हणाल्या. मी साक्षीला होतो, सगळी वसाहत होती.

आणि तरीही पंधरवड्यात त्यानं ते केलं. कोनशिलेच्या बरोबर समोरच्या बाकड्याच्या पाठीवर लाल रंगात पेंटरांचं नाव आलं, पुढं 'कै.', खाली 'यांच्या स्मरणार्थ', आणि त्याच्याही खाली, दुप्पट मोठ्या अक्षरांत, सौजन्य म्हणून नगरसेवकाचं नाव. बौद्ध माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात, हे ज्याच्या वॉर्डात निम्मी वस्ती आमच्या सिस्टरांसारखी आहे त्याला माहीत नसावं? विचारलं असतं तर लहान पोरानंही सांगितलं असतं. पण विचारायचं कशाला. जिवंतपणी ज्या बाकड्यानं माणसाला छळलं, त्याच बाकड्यावर मेल्यावर त्याला बसवून टाकलं, तेही पेंग्विनकडं तोंड करून.

सिस्टर बाकड्यापुढं उभ्या राहून ते सगळं वाचत राहिल्या. "कैलासाला कवा गेलतं ह्ये?" त्या म्हणाल्या. "आयुष्यात पन्हाळ्याच्या पुढं गेलं न्हाईत."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या पेंटरांचा ब्रश आणि तो झाकून ठेवलेला पिवळा रंग घेऊन वर आल्या. रंग घट्ट झाला होता, तो त्यांनी टर्पेंटाइन घालून ढवळला. मी डबा धरून उभा होतो. नावावरून, 'कै.' वरून, सौजन्यावरून, सगळ्यावरून त्यांनी सावकाश ब्रश फिरवला. वॉचमन धावत आला.

"सिस्टर, काय करतायसा?"

"ड्रेसिंग करतोय," त्या म्हणाल्या.

तो म्हातारा फाटकाकडं निघून गेला आणि त्या दिवशी त्यानं परत इकडं बघितलं नाही. नगरसेवकानं निरोप पाठवला, म्हातारीचं डोकं फिरलंय. सिस्टर म्हणाल्या, "डोकं तरी फिरलं. बाकडं कुठं फिरलं?" त्या बाकड्यावर पुढं किती रंग चढले, पण कुठं पोपडा निघाला की खालून अजून तो पिवळा डोकावतो. मी बघायला जातो ते तेच.

त्यानंतर काही दिवस सिस्टर टेकडीवर गेल्या नाहीत. मग एका संध्याकाळी घरी आलो तर त्यांच्या दाराला कुलूप. मी वर गेलो. सूर्य कलला होता, पन्हाळा सोनेरी झाला होता, आणि सिस्टर त्या चौथऱ्यावर एकट्या बसल्या होत्या. पाय जमिनीत रोवलेले, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. तोंड पेंग्विनकडं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सिस्टर, आता वळून बसा की. शहर तिकडं हाय."

बोललो आणि माझेच शब्द माझ्या कानाला बोचले. त्या काही रागावल्या नाहीत.

"वळून बघितलं रे मगाशी," त्या म्हणाल्या. "वळलं की पाठ मोकळी लागती."

मग जरा सरकून त्यांनी मागं जागा केली. "तू बस. आणि काय दिसतंय ते सांग."

मी बसलो. शहराकडं तोंड करून, त्यांच्या पाठीला पाठ लावून. पेंटर होते तोवर मला इथून पेंग्विनच दिसायचा. आता समोर सगळं होतं. शिखरं होती, मनोरा होता, रंकाळ्याची कड चमकत होती. स्टँडाच्या बाजूला मी पिवळी शोधली. तिच्या अंगावर वरपासून खालपर्यंत कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढवला होता, हात जोडलेला एवढा मोठा माणूस, गॉगल लावून, आणि त्याच्याभोवती शुभेच्छा देणाऱ्यांची चिकटवलेली मुंडकी. मावळतीचं ऊन त्या मुंडक्यांवर पडलं होतं. हे सिस्टरांना कसं सांगायचं, मला कळेना. तोंडातून एवढंच निघालं.

"च्यायला."

माझ्या पाठीला लागलेली पाठ जरा घट्ट टेकली.

"पिवळीला झाकलं न्हवं?" सिस्टर म्हणाल्या.

"व्हय."

"सगळी?"

मी नीट बघितलं. फ्लेक्सच्या वर, गच्चीच्या खाली, एक पट्टी उघडी राहिली होती. "न्हाई," मी म्हणालो. "वरची जरा दिसतीय."

"मग तेवढी बग," त्या म्हणाल्या. "मी हाय पाठीला."